हाताने चालतं, स्क्रिप्टमधून अडतं: बाहेरच्या कमांडचा माग कसा काढायचा

मार्च महिना, हळदीचे सौदे जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून सकाळी साडेनऊला फोन आला. "दादा, कालच्या बॅकअपची फाइल आहे, पण उघडली की आत काहीच नाही." मी जाऊन बघितलं. फायली होत्या. नावात तारीख घालून, सलग 11 रात्री नेमाने तयार झालेल्या. आणि प्रत्येक फाइल बरोबर 20 बाइटची.

जीझिप म्हणजे फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम. त्याला पाइपमधून (म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) काहीही आलं नाही, तरी तो आपला मथळा आणि शेपटी लिहून 20 बाइटची वैध फाइल बनवतो. म्हणजे 11 रात्रींत त्या दुकानाच्या पट्ट्यांचा एकही आकडा साठवला गेला नव्हता, आणि मी लिहिलेल्या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये मात्र रोज 'बॅकअप पूर्ण' छापलेलं होतं. 2019 च्या महापुरानंतर गावभागातल्या ओळखीच्या घरांतून चिखलाने भरलेले संगणक बाहेर काढताना मी पाहिले आहेत. त्यामुळे बॅकअप आहे असं वाटणं आणि बॅकअप असणं यातला फरक मला फार लागतो.

त्या दिवशी चूक शोधताना ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम इथे मांडतोय. पायथॉन किंवा शेल स्क्रिप्ट लिहायला नुकती सुरुवात केली असेल आणि स्क्रिप्टमधून बाहेरचा प्रोग्राम चालवताना अडत असाल, मग तो बॅकअपचा असो, फोटो लहान करायचा असो की पीडीएफ जोडायचा, तर हा क्रम उपयोगी पडेल. कमांडची नावं मी फोनवर सांगतो तशी उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.

आधी हे पक्कं करा

टर्मिनलमध्ये तुम्ही हाताने कमांड देता तेव्हा तुमच्याबरोबर बरंच सामान असतं. तुम्ही कोणत्या युजरने लॉगिन केलंय, कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहात, पाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये प्रोग्राम शोधायच्या कोणकोणत्या फोल्डरांची यादी आहे, भाषेची सेटिंग काय आहे, आणि प्रोग्रामने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कीबोर्डसमोर माणूस आहे की नाही. स्क्रिप्ट जेव्हा तीच कमांड चालवते, तेव्हा यातलं प्रत्येक सामान वेगळं असू शकतं.

यार्डात रोज येणाऱ्या हमालाला नुसतं "पोती नेहमीच्या गाळ्यावर टाक" म्हटलं की पुरतं. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला पेठ, ओळ, गाळा नंबर, सगळं सांगावं लागतं. तुमचं टर्मिनल म्हणजे रोजचा हमाल. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) चालणारी स्क्रिप्ट म्हणजे आजच गाडीतून उतरलेला माणूस. 'हाताने तर चालतंय' हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि ते खरंच असतं. फक्त त्यातून स्क्रिप्टबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कमांडमध्ये चूक शोधू नका; दोन्हीकडच्या सामानातला फरक शोधा.

पायरी 1: जे चाललं तेच छापून बघा

कमांड चालवायच्या अगदी आधीच्या ओळीत ती छापा. तुमच्या मनातली कमांड नाही, स्क्रिप्टने जुळवलेली. पायथॉनमध्ये नुसतं प्रिंट न करता रेप्र फंक्शनमधून छापा, म्हणजे नावाच्या शेवटी चिकटलेली स्पेस किंवा नवी ओळ डोळ्यांना दिसते. फाइलमधून यादी वाचताना ओळीच्या शेवटचं \एन काढायचं राहतं आणि मग 'पट्टी.पीडीएफ' नावाची फाइल समोर असूनही प्रोग्राम ती नाही म्हणतो. असे तास वाया गेलेले मी पाहिलेत.

शेल स्क्रिप्टमध्ये हेच काम 'सेट -एक्स' करतं: प्रत्येक कमांड चालण्याआधी, व्हेरिएबलांच्या जागी खऱ्या किमती घालून छापते.

त्याच जागी आणखी चार गोष्टी छापून घ्या: सध्याचं फोल्डर, युजर, पाथ आणि होम (युजरचं स्वतःचं फोल्डर). चार ओळींचं काम आहे, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

पायरी 2: एग्झिट कोड आणि एरर, दोन्ही पकडा

प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. 0 म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे काहीतरी सांगायचंय. शेलमध्ये तो $? मध्ये असतो, पण फक्त पुढची कमांड चालेपर्यंत. मधे एक साधा एको (मजकूर छापणारी कमांड) टाकलात तरी $? त्या एकोचा होतो. म्हणून लगेच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा.

पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी सांगितली की सांगलीकराला पुढचं विचारावं लागत नाही: 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि त्यावरून सामान वर न्यायचं की नाही हे घरोघरी ठरतं. एग्झिट कोडही तसाच वाचायला शिका. लिनक्सच्या शेलमध्ये 127 म्हणजे कमांड सापडलीच नाही. 126 म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही, बहुधा परमिशन नाही. 128 च्या वर गेला की बहुधा त्यातून 128 वजा करायचे. उरतो तो सिग्नलचा, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सूचनेचा, नंबर. 130 म्हणजे कोणीतरी कंट्रोल-सी दाबलं, 137 म्हणजे सिग्नल 9, प्रोग्रामला जबरदस्तीने मारलं. लहान मेमरीच्या सर्व्हरवर 137 दिसला तर आधी मेमरी संपली का ते बघा, कारण अशा वेळी लिनक्सच एखाद्या मोठ्या प्रोग्रामला मारून जागा मोकळी करतो. 143 म्हणजे थांब म्हणून सांगितलं आणि तो थांबला.

पायथॉनचं सबप्रोसेस हाच सिग्नल उणे आकड्यात देतं: -9, -15. जुनं ओएस.सिस्टिम वापरत असाल तर लिनक्सवर 32512 असा विचित्र आकडा दिसेल. त्याला 256 ने भागा, 127 येतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'सापडली नाही' याचा आकडा 9009 आहे.

काही प्रोग्राम मात्र आपली वेगळी पद्धत ठेवतात. ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो 1 देतो; ती एरर नाही, उत्तर आहे. डिफला दोन फायलींत फरक दिसला की तोही 1 देतो. विंडोजचं रोबोकॉपी तर 1 म्हणजे 'फायली नीट कॉपी झाल्या' असं सांगतं. तिथे 8 आणि त्यावरचे आकडे अपयशाचे. म्हणून शून्य नाही म्हणजे बिघाड, असं डोळे झाकून धरू नका. त्या प्रोग्रामच्या मदतीच्या पानावर कोडची यादी असते, ती एकदा वाचा.

आकड्याबरोबर शब्दही हवेत. प्रोग्रामला बोलायला दोन तोंडं असतात: स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर. नवशिके > वापरून पहिलं फाइलमध्ये घेतात, आणि खरी तक्रार दुसऱ्यातून निघून हवेत विरते. दोन्ही एकाच लॉगमध्ये हवी असतील तर आधी > लॉगचं नाव आणि मग 2>&1. हा क्रम उलटा केलात तर एरर फाइलमध्ये जात नाही, कारण 2>&1 म्हणजे '1 या क्षणी जिकडे जातोय तिकडे 2 ला वळव', आणि त्या क्षणी 1 अजून स्क्रीनकडेच असतो.

पायथॉनमध्ये सबप्रोसेस.रन वापरा आणि त्याला कॅप्चर_आउटपुट व टेक्स्ट हे दोन्ही ट्रू द्या, पायथॉन 3.7 पासून हे दोन्ही आहेत. मग निकालातले रिटर्नकोड, एसटीडीआउट आणि एसटीडीईआरआर तिन्ही लॉगमध्ये लिहा. चेक=ट्रू दिलंत तर शून्याखेरीज काहीही आलं की स्क्रिप्ट जागेवर थांबते. नवीन माणसाने हे कायम द्यावं असं माझं ठाम मत आहे. अपवाद नंतर शिकता येतात.

एक बारीक गोष्ट. लॉगमध्ये कधीकधी 'कमांड सुरू करतोय' ही ओळ कमांडच्या आउटपुटच्या खाली दिसते आणि डोकं फिरतं. पायथॉन फाइलमध्ये लिहिताना आपल्या ओळी साठवून एकदम सोडतो, बाहेरचा प्रोग्राम मात्र त्याआधीच आपलं लिहून मोकळा होतो. पायथॉन -यू या पर्यायाने चालवा, क्रम सरळ होतो.

पायरी 3: कमांड सापडतच नाही

127 आला किंवा पायथॉनने फाइल-नॉट-फाउंड-एरर दिली, की पहिला संशय पाथवर. हाताने चालते त्या टर्मिनलमध्ये 'कमांड -व्ही' आणि पुढे प्रोग्रामचं नाव द्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर'. उत्तरात पूर्ण पत्ता मिळतो. तोच पत्ता स्क्रिप्टमध्ये घाला. दिसायला ओबडधोबड, पण पक्कं.

दुकानात हेच झालं होतं. डेटाबेसचा बॅकअप काढणारा मायएसक्यूएल-डम्प हा प्रोग्राम /यूएसआर/लोकल/मायएसक्यूएल/बिन या फोल्डरमध्ये होता. ते फोल्डर मी पाथमध्ये जोडलं होतं, पण बॅशआरसी नावाच्या फाइलमध्ये. ती फाइल तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा वाचली जाते; क्रॉन ती वाचत नाही. क्रॉनचा पाथ बहुतेक ठिकाणी फक्त /यूएसआर/बिन:/बिन इतकाच असतो. नव्या हमालाला दोनच गल्ल्या माहीत.

पाथ बरोबर असूनही 'सापडत नाही' येतं, त्याची कारणं जरा आडवळणाची आहेत.

पहिलं: पायथॉनमध्ये 'एलएस -एल' असं सगळं एकाच स्ट्रिंगमध्ये दिलंत आणि शेल वापरायला सांगितलं नाही, तर लिनक्स 'एलएस -एल' याच नावाचा, मधे स्पेस असलेला, प्रोग्राम शोधायला जातो. तो कुठून असणार?

दुसरं: ती कमांड म्हणजे प्रोग्रामच नाही. विंडोजवर डिर, कॉपी, एको या नावांची फाइलच नसते. त्या कमांड प्रॉम्प्टच्या पोटातल्या आहेत. पायथॉनमधून त्यांना थेट हाक मारली की विनएरर 2 येतो. फाइल कॉपी करायला बाहेरची कमांड कशाला हवी, पायथॉनचं शटिल आहेच.

तिसरं, आणि यात मुलं सर्वांत जास्त फसतात: स्क्रिप्ट विंडोजवर लिहून लिनक्सवर नेली. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवतं. पहिल्या ओळीत #! नंतर लिहिलेल्या इंटरप्रिटरच्या नावाला ते चिकटतं, आणि लिनक्स त्या चिकटलेल्या नावाचा प्रोग्राम शोधतो. एररमध्ये ^एम दिसलं तर हेच समजा. डॉस-टू-युनिक्स ही कमांड ते साफ करते; एडिटरमध्ये ओळींचा शेवट 'एलएफ' निवडला तरी होतं.

चौथं: पायथॉनला सीडब्ल्यूडी म्हणून दिलेलं फोल्डरच नसेल तरी एरर 'फाइल सापडली नाही' हीच येते, आणि तुम्ही प्रोग्राम शोधत बसता. एररच्या शेवटी कोणतं नाव छापलंय ते नीट वाचा.

याच्या उलटही घडतं: सापडते, पण भलतीच. विंडोजच्या सिस्टिम32 मध्ये कन्व्हर्ट नावाचा एक प्रोग्राम पूर्वीपासून आहे. तो डिस्कची फाइल सिस्टिम बदलतो. फोटो बदलणाऱ्या इमेजमॅजिकचीही जुनी कमांड कन्व्हर्टच. पाथमध्ये आधी कोण, त्यावर कोण चालणार ते ठरतं. इमेजमॅजिकच्या 7 व्या आवृत्तीपासून मॅजिक हे नाव आहे, तेच वापरा.

पायरी 4: चालली, पण तिने भलतंच ऐकलं

या पायरीवर मी जरा थांबणार आहे. इथली चूक नुसती अडवत नाही, नुकसान करते.

अडत दुकानात शेतकऱ्याच्या पट्टीची फाइल 'हळद पट्टी 12 मार्च.पीडीएफ' अशा नावाने ठेवतात. माणसाला ते एक नाव आहे. शेलला ते चार तुकडे आहेत: हळद, पट्टी, 12, मार्च.पीडीएफ. तुम्ही ही फाइल हलवायला सांगता आणि शेल चार वेगळ्या फायली शोधतो. शेल स्क्रिप्टमध्ये उपाय एकच: व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण चिन्हं, प्रत्येक वेळी, नावात स्पेस असो वा नसो. आज नसेल, उद्या कोणीतरी ठेवेल.

पायथॉनमध्ये याहून चांगली सोय आहे. कमांड स्ट्रिंग म्हणून न देता यादी म्हणून द्या: पहिला घटक प्रोग्रामचा पत्ता, पुढचा प्रत्येक घटक एक पूर्ण आर्ग्युमेंट. मग स्पेस, अवतरण, कंस काहीही असो, लिनक्सवर ते जसंच्या तसं प्रोग्रामच्या हातात पडतं, मधे शेल येतच नाही. यादीत -ओ आणि फाइलचं नाव हे दोन वेगळे घटक ठेवा. दोन्ही एकाच घटकात कोंबले तर प्रोग्राम म्हणतो असा पर्यायच मला माहीत नाही.

यादी दिली की शेलच्या सोयी जातात, हे मात्र लक्षात घ्या. * चा अर्थ प्रोग्रामला कळत नाही, तो शेल उलगडतो. तसंच ~ , | , > आणि $ ने सुरू होणारे व्हेरिएबल. यादीत *.पीडीएफ दिलंत तर प्रोग्राम खरोखर तारा असलेल्या नावाची फाइल शोधेल. पायथॉनच्या ग्लॉबने आधी नावं काढा, मग यादीत घाला.

"मग शेल=ट्रू देऊन टाकतो की, सगळं चालतं!" विश्रामबागेतल्या एका विद्यार्थ्याने मला असं फोनवर म्हटलं होतं. चालतं, हे खरं. पण समजा फाइलचं नाव बाहेरून आलं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं किंवा वेबपेजवरून भरलं, आणि त्या नावात ; असलं, तर शेल त्याच्या पुढचा भाग नवी कमांड समजून चालवतो. तो भाग फायली पुसणारा असला तर पुसतो. तुमच्या युजरला जे जे करता येतं ते सगळं त्या नावाला करता येतं. बाहेरून आलेला एकही शब्द शेल=ट्रू असलेल्या स्ट्रिंगमध्ये घालू नका. शेलशिवाय गत्यंतरच नसेल तर शेलेक्स.कोट मधून घाला, तेही लिनक्सवरच. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टसाठी ते बनवलेलं नाही.

शेल=ट्रू मध्ये आणखी एक गोम आहे. लिनक्सवर ते /बिन/एसएच चालवतं, आणि उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसून डॅश नावाचा लहान शेल आहे. टर्मिनलमधल्या बॅशमध्ये चालणारी दुहेरी चौकटी कंसांची अट किंवा सोर्स ही कमांड तिथे चालत नाही. हाताने चालतं आणि स्क्रिप्टमधून नाही, याचं हे अगदी नेहमीचं कारण.

विंडोजवाल्यांनी पत्त्यातल्या उलट्या रेघेकडे बघावं. साध्या स्ट्रिंगमध्ये \टी म्हणजे टॅब आणि \एन म्हणजे नवी ओळ. फोल्डरचं नाव टेम्प असलं की मधेच टॅब घुसतो आणि पत्ता मोडतो. अवतरणाआधी आर लावा किंवा सरळ रेघ (/) वापरा.

पायरी 5: चालू आहे, पण संपतच नाही

एरर नाही, कोड नाही, स्क्रिप्ट नुसती बसून आहे. बहुतेक वेळा बाहेरच्या प्रोग्रामने काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट बघतोय. अनझिप विचारतो, जुनी फाइल बदलू का. एसएसएच विचारतो, हा सर्व्हर ओळखीचा आहे का. सुडो पासवर्ड मागतो. प्रश्न बहुधा कुठल्यातरी पकडलेल्या आउटपुटमध्ये पडून आहे, तुम्हाला दिसत नाही.

उपाय म्हणजे स्टँडर्ड इनपुट बंद करणं. पायथॉनमध्ये एसटीडीइन ला डेव्हनल, म्हणजे कायम रिकामं इनपुट, द्या. मग बहुतेक प्रोग्रामना विचारायला कोणी उरत नाही आणि ते अडकून न बसता बाहेर पडतात. अडकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सुडो आणि एसएसएच मात्र थेट टर्मिनललाच विचारतात, म्हणून प्रश्न न विचारण्याचे पर्यायही द्या: अनझिपला -ओ, सुडोला -एन, एसएसएचला बॅचमोड. व्हिडिओ बदलणारा एफएफएमपेग तर प्रश्न नसतानाही कीबोर्डकडे कान लावून असतो. त्याला -नोएसटीडीइन द्या. शेलच्या व्हाइल-रीड लूपमध्ये एसएसएच किंवा एफएफएमपेग चालवलात आणि लूप पहिल्याच फेरीत संपला, तर त्या प्रोग्रामने तुमची उरलेली यादीच वाचून टाकलेली असते.

दुसरं कारण पाइपचं. सबप्रोसेसमधलं पोपेन वापरून आउटपुट पाइपमध्ये घेतलं आणि मग नुसतं वेट म्हटलं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे 64 केबी मावतं. तेवढं भरलं की प्रोग्राम थांबतो, कोणी उपसायची वाट बघत. तुमची स्क्रिप्ट तो संपायची वाट बघते. दोघेही बसून. थोड्या डेटावर चाचणी करताना हे कधीच दिसत नाही. सीझनमध्ये नोंदी वाढल्या की एका रात्री अचानक अडतं. वेटऐवजी कम्युनिकेट वापरा, किंवा सरळ रन; रन ते आतून करतंच.

आणि टाइमआउट द्याच. रनला टाइमआउट=600 दिलं की 10 मिनिटांनी प्रोग्राम मारला जातो आणि स्क्रिप्टला कळतं. फक्त शेल=ट्रू असताना मरतो तो शेल; त्याने सुरू केलेला प्रोग्राम मागे जिवंत राहू शकतो.

देवनागरी नावं आणि आउटपुट

आपल्याकडे हा त्रास इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त. विंडोजवर पायथॉन बाहेरच्या प्रोग्रामचं आउटपुट वाचताना बहुधा यूटीएफ-8 न धरता यंत्राचं जुनं एन्कोडिंग धरतो, आणि 'बेदाणा' च्या जागी विचित्र अक्षरं येतात किंवा युनिकोड-डीकोड-एरर येऊन स्क्रिप्ट थांबते. रनला एन्कोडिंग='यूटीएफ-8' स्पष्ट द्या, पण आधी तो बाहेरचा प्रोग्राम खरंच यूटीएफ-8 मध्ये लिहितो का ते तपासा. क्रॉनमध्ये भाषेची सेटिंग बहुधा नसतेच. तिथे एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-8 द्या. नावं बदलून इंग्रजीत ठेवा असा सल्ला मी देत नाही. दुकानातल्या दिवाणजींना मराठी नावं वाचता येतात, तीच राहू द्यावीत. स्क्रिप्टने जुळवून घ्यायचं.

रात्रीचं काम: क्रॉन आणि टास्क शेड्युलर

क्रॉनची परिस्थिती हातात आणायची एक युक्ती आहे. 'एन्व्ह -आय' ही कमांड सगळे व्हेरिएबल काढून टाकून पुढची कमांड चालवते. तिच्यापुढे पाथ=/यूएसआर/बिन:/बिन आणि होम द्या, मग एसएच -सी आणि अवतरणात तुमची स्क्रिप्ट. रात्री जे बिघडतं ते दुपारी डोळ्यांसमोर बिघडतं. त्या दिवशी मी हे केलं आणि दोन सेकंदांत 'नॉट फाउंड' समोर आलं.

क्रॉनटॅबमध्ये % ला वेगळा अर्थ आहे: तिथे ओळ तुटते. तारखेसाठी +%वाय लिहिलंत की कमांड तिथेच संपते. आधी \ लावा, किंवा तारीख स्क्रिप्टच्या आत काढा. क्रॉनटॅबच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ हवी. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे; रात्री 11:30 ला हवं असेल तर तिथे 18:00 लिहायचं. आणि क्रॉन आउटपुट मेलने पाठवतो. दुकानातल्या यंत्रावर मेलची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे 11 रात्री खरी एरर येत होती आणि कुठेही न पोचता जात होती. क्रॉनच्या ओळीतच लॉगकडे वळवा, 2>&1 सकट.

युजरही बघा. समजा डेटाबेसच्या पासवर्डची फाइल तुमच्या होममध्ये आहे. रूटच्या क्रॉनमध्ये होम वेगळं, म्हणून 'ॲक्सेस डिनाइड'. तो पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहून मोकळं व्हायचा मोह टाळा. पीएस कमांड देणाऱ्या कोणालाही तो दिसू शकतो. मायएसक्यूएल-डम्पला डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल हा पर्याय आहे; तो सर्व पर्यायांच्या आधी लिहावा लागतो.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' ही जागा रिकामी सोडू नका, नाहीतर स्क्रिप्ट सिस्टिम32 मध्ये उभी राहून तुमच्या फायली शोधते. झेड: सारखी जोडलेली नेटवर्क ड्राइव्हही तिथे दिसेलच असं नाही, दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या.

दुकानातली स्क्रिप्ट

आता 'बॅकअप पूर्ण' का छापलं जात होतं ते सांगतो. ओळ अशी होती: मायएसक्यूएल-डम्प | जीझिप > फाइल. पाइप असलेल्या ओळीचा एग्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो. डम्प 127 देऊन पडला. जीझिपला रिकामं इनपुट मिळालं, त्याने ते इमानाने बांधलं आणि 0 दिला. चेक=ट्रू असतं तरी हे पकडलं गेलं नसतं. बॅश असेल तर 'सेट -ओ पाइपफेल' ने मधल्या कमांडचं अपयश वर येतं. मी पाइपच काढला. आता डम्प आधी रिझल्ट-फाइल या पर्यायाने साध्या फाइलमध्ये उतरतो, पूर्ण पत्त्याने, यादी देऊन, चेक=ट्रू सह. मग ती फाइल जीझिप बांधतो, वेगळ्या ओळीत, वेगळ्या तपासणीने.

दोन्हींच्या मधे एक तपासणी घातली. मायएसक्यूएल-डम्प नीट संपला तर फाइलच्या अखेरच्या ओळीत 'डम्प कम्प्लीटेड' असं लिहितो. ती ओळ नसली तर स्क्रिप्ट पुढे जात नाही, आणि 'पूर्ण' हा शब्द आता त्या तपासणीनंतरच छापला जातो.

त्याच दुपारी, सौदे संपून यार्ड शांत झाल्यावर, नवी फाइल माझ्या लॅपटॉपवर रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवली. दिवाणजी शेजारी चोपडी घेऊन बसले. त्यांनी पट्टीचा नंबर वाचायचा, मी स्क्रीनवरचा आकडा सांगायचा. 40 पट्ट्या अशा जुळवल्यावर त्यांनी चोपडी मिटली.